पदवी, पगार आणि कर्जाचा हप्ता: व्यवस्थापनाचे शिक्षण निवडू पाहणाऱ्या धाराशिवकरांसाठी

पदवी परीक्षांचे निकाल लागले म्हणजे धाराशिव, कळंब, उमरगा, परंडा अशा आपल्याकडच्या गावांतून, मुलाने किंवा मुलीने आता पुढे एम.बी.ए. करावे काय, अशी चौकशी घरोघर सुरू होते. आणि अलीकडे तिच्या जोडीला, रुग्णालय-व्यवस्थापनाला म्हणे फार मागणी आहे, पगारही चांगला मिळतो, अशी दुसरी वार्ताही कानांवर येऊ लागली आहे. ही चौकशी करणारे पालक बहुधा शेतकरी, शिक्षक, लहान दुकानदार किंवा तहसील-जिल्हा परिषदेतील कर्मचारी असतात. शहरातल्या सुखवस्तू घराला दोन वर्षे आणि दहा-बारा लाख रुपये वाया गेल्याचा घाव सोसता येतो. सोयाबीनचा भाव पडला की ज्या घराचे सारे वर्ष कोलमडते, त्या घराला तो सोसत नाही. म्हणून या विषयाचा विचार पदवीच्या नावापासून सुरू न करता पहिल्या पगाराच्या आणि कर्जाच्या पहिल्या हप्त्याच्या हिशेबापासून सुरू करावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि हा लेख त्याच मताच्या पुष्ट्यर्थ लिहिला आहे.

संस्थांच्या माहितीपत्रकांत जो आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो तो सर्वोच्च वेतनाचा असतो, आणि निर्णयाच्या दृष्टीने त्याच्याइतका निरुपयोगी आकडा दुसरा नाही. कारण तो एका विद्यार्थ्याचा असतो, आणि तो विद्यार्थी पुष्कळदा आधीच चार-पाच वर्षे नोकरी करून आलेला अभियंता असतो. सरासरीचा आकडाही अशा दोन-चार मोठ्या पगारांमुळे फुगतो. खरा उपयोगी आकडा मध्यक वेतनाचा, म्हणजे नोकरी मिळालेल्या सर्वांना पगाराच्या चढत्या क्रमाने उभे केले असता बरोबर मधल्याला मिळालेल्या पगाराचा. केंद्र शासनाने २०१५ साली घोषित केलेल्या राष्ट्रीय मानांकन-पद्धतीत, जिला एन.आय.आर.एफ. या नावाने ओळखतात, भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला हा मध्यक, नोकरी मिळालेल्यांची संख्या आणि उच्च शिक्षणाकडे गेलेल्यांची संख्या कळवावी लागते, आणि तो तक्ता संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी हा तक्ता उघडून तीन वर्षांचे आकडे एका कागदावर उतरवून घ्यावेत. जी संस्था मानांकनात उतरलीच नाही, किंवा जिच्या संकेतस्थळावर हा तक्ता शोधूनही सापडत नाही, तिच्या कार्यालयात जाऊन गेल्या वर्षी किती विद्यार्थी बाहेर पडले आणि त्यांतील किती जण कोठे रुजू झाले, हे लेखी मागावे. मोघम उत्तर मिळाल्यास त्यावरून घ्यायचा तो बोध घ्यावा.

दुसरी गोष्ट अशी की, वर्षाला सहा लाखांचे पॅकेज म्हणजे दरमहा पन्नास हजार हाती येणार, अशी समजूत करून घेणे चुकीचे आहे. कंपनी ज्याला सी.टी.सी. म्हणते त्या रकमेत मालकाने भरावयाचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा, उपदानाची तरतूद, विम्याचा हप्ता आणि कामगिरीवर अवलंबून असलेला बदलता मोबदला, हे सगळे धरलेले असते. शिवाय पुण्यात किंवा मुंबईत राहण्याचे भाडे आणि खाणावळ त्यातूनच भागवायची असते.

आता हप्त्याचा हिशेब मांडू. दहा टक्के व्याजाने दहा लाखांचे शैक्षणिक कर्ज घेतले, ते सगळे आरंभीच उचलले, आणि शिक्षणाची दोन वर्षे व त्यानंतरचे सवलतीचे एक वर्ष व्याज साचत राहिले असे धरले, तर परतफेड सुरू होताना देणे तेरा लाखांचे झालेले असते. दहा वर्षांच्या मुदतीत ते फेडायचे तर महिन्याचा हप्ता सतरा हजारांहून अधिक येतो. याच पद्धतीने तीन लाखांच्या कर्जाचा हप्ता सव्वापाच हजारांच्या आत राहतो. पहिला पगार तीस हजार असला तर पहिल्या कर्जदाराच्या हाती भाडे आणि जेवण यांपुरतेच पैसे उरतात, आणि पुष्कळदा हप्ता वडिलांच्या खात्यातून जाऊ लागतो. दुसरा कर्जदार मात्र घरी चार पैसे पाठवू शकतो. पदवी दोघांचीही एकच असते. यासाठी मी एक साधा दंडक सुचवितो: ज्या संस्थेसाठी घ्यावे लागणारे एकूण कर्ज तिच्या मध्यक वार्षिक वेतनाहून अधिक होते, तेथे प्रवेश घेऊ नये.

सर्वसाधारण एम.बी.ए.च्या बाबतीत हा दंडक लावून पाहिला असता चित्र फार विषम दिसते. अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेचे शुल्क पंचवीस लाखांच्या आसपास आहे, परंतु तेथील मध्यक वेतन तीस लाखांच्या पुढे असल्यामुळे ते कर्जही फिटते. मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज संस्थेत, जी १९६५ पासून चालू आहे, शुल्क आणि वेतन यांचे प्रमाण याहूनही अनुकूल आहे. मात्र तेथील जागांचा मोठा हिस्सा मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांकडे जात असल्याने मराठवाड्याच्या विद्यार्थ्याला तेथे शिरण्यास त्यांच्यापेक्षा अधिक गुण लागतात, हे आधीच ध्यानात ठेवावे. १९७१ साली स्थापन झालेला पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापनशास्त्र विभाग, ज्याला विद्यार्थी पुम्बा म्हणतात, आणि मुंबईची शासकीय सिडनहॅम व्यवस्थापन संस्था, यांचे शुल्क खासगी संस्थांच्या मानाने अल्प असून नोकरीची शक्यता चांगली आहे. या चार-दोन नावांच्या खाली उतरले की पगार वेगाने घसरतो आणि शुल्क मात्र तितक्या वेगाने घसरत नाही. पुण्याच्या चहूबाजूंना उभ्या राहिलेल्या पुष्कळ महाविद्यालयांतून एम.बी.ए. होऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला जी पहिली नोकरी मिळते ती बँकेच्या, विम्याच्या किंवा घरबांधणी कंपनीच्या विक्री विभागात, टार्गेटच्या अटीवर मिळते, आणि ती नोकरी साध्या बी.कॉम.लाही मिळू शकली असती. विक्रीचे काम हलके आहे असे मी म्हणत नाही. ज्याला माणसांशी बोलण्याची आवड आहे तो त्यात पुष्कळ वर चढतो. परंतु त्यासाठी आठ लाख खर्चण्याची गरज नाही.

येथे आपल्या घरच्या सोयीचाही उल्लेख करणे अवश्य आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर धाराशिवात आहे आणि तेथे व्यवस्थापनशास्त्राचा विभाग आहे. घरी राहून, अल्प शुल्कात पदवी मिळते; मोठ्या कंपन्या मुलाखतींसाठी येथवर येतील अशी अपेक्षा ठेवू नये, पण ज्याला वडिलांचा धंदा, एखादी पतसंस्था, दूधसंघ किंवा शेतकरी उत्पादक कंपनी सांभाळायची आहे, किंवा जो स्पर्धा-परीक्षेची तयारी करीत आहे, त्याला पुण्याला जाऊन कर्जबाजारी होण्यापेक्षा हे बरे.

रुग्णालय-व्यवस्थापनाकडे वळण्यापूर्वी हे काम प्रत्यक्षात काय असते ते जवळून पाहिले पाहिजे. कारण पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरांच्या शेजारी, वातानुकूलित कचेरीत बसून हुकूम सोडण्याचे हे काम आहे, अशी कल्पना करून पुष्कळ मुले येतात आणि सहा महिन्यांत कंटाळतात. एखाद्या मोठ्या रुग्णालयातील दुपारचे बारा वाजलेले आहेत असे समजा. सकाळी राऊंडला आलेल्या डॉक्टरांनी वाशी तालुक्यातून आलेल्या रुग्णाला घरी सोडण्यास सांगितले आहे, आणि नातेवाईक पिशव्या बांधून बसले आहेत. आता डिस्चार्ज समरी निवासी डॉक्टराने लिहायची, उरलेली औषधे वॉर्डातून फार्मसीत परत करून त्यांची रक्कम बिलातून वजा करायची, प्रयोगशाळेचा एक अहवाल यायचा आहे तो आणवायचा, अंतिम बिल तयार करून ते विम्याचे दावे हाताळणाऱ्या टी.पी.ए.कडे मंजुरीला पाठवायचे, तिकडून एखादी 'क्वेरी' आली तर केसपेपर शोधून तिचे उत्तर द्यायचे. आणि हे सगळे होईपर्यंत संध्याकाळचे सहा वाजतात, तोवर खाली तातडीच्या विभागात दुसरा रुग्ण त्याच खाटेची वाट पाहत स्ट्रेचरवर पडलेला असतो. हे बारा ते सहा यांतील सहा तास तीनवर आणणे, कोणत्या टेबलावर कागद अडतो ते शोधणे, परिचारिका, फार्मसी आणि बिलिंग या तिघांनाही न दुखावता त्यांच्याकडून काम करून घेणे, हा या पेशाचा खरा गाभा आहे. ज्याला अशा कारभारात रस आहे, ज्याचा आवाज संतापलेल्या नातेवाइकांपुढेही चढत नाही, आणि ज्याला दप्तर नीट ठेवण्याचा कंटाळा नाही, त्याने या वाटेला जावे.

ही वाट रुंद होण्याची कारणेही समजून घ्यावीत, म्हणजे मागणी टिकाऊ आहे की हंगामी याचा अंदाज येतो. रुग्णालयांच्या गुणवत्तेचे प्रमाणीकरण करणारे एन.ए.बी.एच. हे राष्ट्रीय मंडळ २००५ मध्ये स्थापन झाले. महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यातील जिल्ह्यांत व नोव्हेंबर २०१३ पासून सर्वत्र लागू झाली, आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव देण्यात आले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, आणि २०२३ मध्ये राज्याच्या योजनेचे संरक्षणही दीड लाखांवरून पाच लाखांपर्यंत वाढविण्याचा निर्णय झाला. या सर्वांचा परिणाम असा की, रोखीने बिल घेऊन कच्च्या वहीत लिहिणाऱ्या रुग्णालयांना आता पूर्वमंजुरी, दावे, नोंदी, संसर्ग-नियंत्रणाची कागदपत्रे आणि तपासण्या यांसाठी प्रशिक्षित माणसे ठेवावीच लागतात. सोलापूर, बार्शी, लातूर येथील रुग्णालयेही याला अपवाद नाहीत.

पगाराचे म्हणाल तर आरंभ बेताचाच असतो. ज्याची पार्श्वभूमी वैद्यकीय नाही अशा नवख्याला पुण्याच्या खासगी रुग्णालयात दरमहा पंचवीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान मिळते. चांगल्या संस्थेतून आलेल्यास यापेक्षा बरेच अधिक. आरोग्यविमा कंपन्या, सल्लागार संस्था आणि रुग्णालयांसाठी संगणकप्रणाली बनविणाऱ्या कंपन्या रुग्णालयांहून सढळ हाताने देतात, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सहसा कोणी सांगत नाही. पगार वाढतो तो पाच-सात वर्षांनी, एखाद्या विभागाची किंवा संपूर्ण रुग्णालयाची जबाबदारी अंगावर आल्यावर.

याच ठिकाणी एका वर्गासाठी मला आग्रहाने लिहावयाचे आहे. आपल्या धाराशिवात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. तेथून आणि आसपासच्या होमिओपॅथी, दंत, फार्मसी व नर्सिंग महाविद्यालयांतून दरवर्षी मुले-मुली बाहेर पडतात, आणि त्यांतील पुष्कळ जण मोठ्या शहरात रात्रपाळीचे निवासी डॉक्टर म्हणून तुटपुंज्या पगारावर वर्षानुवर्षे राबतात. रुग्णालय-प्रशासनाची पदव्युत्तर पदवी सर्वांत अधिक फळते ती यांना. कारण रोगाची भाषा त्यांना आधीच येते, विम्याच्या दाव्यातील वैद्यकीय बाजू ते तपासू शकतात, आणि वैद्यकीय प्रशासनाच्या पायरीवर त्यांना बिगरवैद्यकीय पदवीधराहून लवकर चढता येते. नोकरी सोडणे शक्य नसेल तर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा रुग्णालय व आरोग्य व्यवस्थापनाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येतो.

याउलट एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. धाराशिवात २०२२ पासून शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, म्हणून रुग्णालय-व्यवस्थापन शिकलेल्याला तेथे जागा निघेल, असे काही पालक धरून चालतात. शासकीय रुग्णालयांत अधीक्षक आणि जिल्हा शल्यचिकित्सक ही पदे डॉक्टरांची असतात. बिगरवैद्यकीय व्यवस्थापकाला शासनाकडे जी दारे उघडी आहेत ती मुख्यत्वे २००५ साली सुरू झालेल्या आरोग्य अभियानातील कंत्राटी पदांची, आणि त्यांच्या मुदतीची अनिश्चितता पगाराच्या आकड्याइतकीच विचारात घ्यावी.

संस्थांपैकी पहिले नाव टाटा समाजविज्ञान संस्थेचे घेतले पाहिजे. ही संस्था १९३६ साली मुंबईत स्थापन झाली आणि १९८६ पासून तिचा परिसर आपल्या तुळजापुरात आहे; परंतु तुळजापुरात ग्रामीण विकास आणि समाजकार्य यांचे शिक्षण मिळते, तर रुग्णालय-प्रशासनाची व सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी मुंबईच्या परिसरात आहे, हा भेद अर्ज भरताना विसरू नये. तेथील शुल्क खासगी संस्थांपेक्षा पुष्कळच कमी आणि नाव मोठे. पुण्याच्या सिम्बायोसिसमध्ये रुग्णालय व आरोग्यसेवा व्यवस्थापनाचे एम.बी.ए. आहे, संस्था नावाजलेली, परंतु शिक्षण आणि वसती मिळून खर्च दहा लाखांच्या पुढे जातो, आणि प्रवेशपरीक्षाही स्नॅप नावाची वेगळी असते. जयपूरची आय.आय.एच.एम.आर. १९८४ पासून याच एका विषयाला वाहिलेली आहे. कोणतीही संस्था निवडताना एक प्रश्न अवश्य विचारावा: प्रत्यक्ष रुग्णालयात किती महिने काम करावयास मिळते, आणि ते कोणत्या रुग्णालयात? ज्या अभ्यासक्रमात हे उत्तर धूसर आहे तो अभ्यासक्रम पोहणे फळ्यावर शिकविण्यासारखा समजावा.

ज्यांना इमारतीपेक्षा गावाच्या आरोग्यात रस आहे त्यांनी सार्वजनिक आरोग्याची पदवी, म्हणजे एम.पी.एच., पाहावी. या कामाची उत्तम उदाहरणे आपल्या उंबरठ्यावर आहेत. बार्शीत १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली, आणि तिच्या कार्यक्षेत्रात बार्शीबरोबर आपले परंडा व भूम हे तालुकेही आहेत; गावोगाव फिरून, रुग्ण शोधून, नोंदी ठेवून तयार झालेली ही माहिती कर्करोगाच्या अभ्यासकांना जगभर उपयोगी पडली. तुळजापूर तालुक्यातील अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केले. लोहारा तालुक्यातील सास्तूर, जे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाले, तेथील स्पर्श ग्रामीण रुग्णालय शासन आणि स्वयंसेवी संस्था यांच्या सहभागातून चालते. येथे पगार शहरातील कंपनीइतका मिळत नाही, पण मनुष्य आपल्या जिल्ह्यात राहतो आणि त्याच्या कामाचा उपयोग त्याला रोज डोळ्यांनी दिसतो. ज्याच्यावर कर्ज नाही त्यालाच ही निवड मोकळेपणी करता येते, आणि अल्प शुल्काच्या संस्थेचा आग्रह मी धरतो याचे हे आणखी एक कारण आहे.

परदेशाचा मोह काहींना असतो. अमेरिकेच्या श्रमखात्याच्या मे २०२३ च्या आकडेवारीप्रमाणे तेथील वैद्यकीय व आरोग्यसेवा व्यवस्थापकांचे मध्यक वार्षिक वेतन १,१०,६८० डॉलर होते, आणि २०२२ ते २०३२ या दशकात या नोकऱ्या २८ टक्क्यांनी वाढतील असा त्या खात्याचा अंदाज होता. हे आकडे खरे आहेत. परंतु ते अनेक वर्षे काम केलेल्या, तेथे काम करण्याचा परवाना असलेल्या लोकांचे आहेत, व्हिसाच्या चिठ्ठीची वाट पाहणाऱ्या नवख्याचे नव्हेत. भारतात तीन-चार वर्षांचा अनुभव गाठीशी असल्याखेरीज एवढ्या मोठ्या कर्जाला हात घालू नये.

आता शुल्काचा भार हलका करणाऱ्या सवलतींकडे यावे, कारण माहितीच्या अभावी या सवलती हातच्या जातात. राज्याच्या प्रवेशपरीक्षा कक्षाची एम.बी.ए. सीईटी दोनशे प्रश्नांची, अडीच तासांची असून चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. या परीक्षेतून केंद्रीय प्रवेशप्रक्रियेद्वारा, म्हणजे कॅपमधून मिळालेल्या जागेलाच शासनाच्या शुल्क-सवलती लागू होतात. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क-प्रतिपूर्ती योजना आहे. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाप्रमाणे आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी स्वतंत्र शिष्यवृत्त्या आहेत. वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख व स्वाधार या योजना आहेत. यांतील पुष्कळशा सवलती अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांना मिळत नाहीत, आणि व्यवस्थापन-कोट्यातील जागेला तर मुळीच नाहीत. दलालाने 'जागा अडकवून ठेवतो' म्हणून मागितलेले पंचवीस हजार ज्या घरातून जातात, त्याच घराची, पूर्ण शुल्कमाफीस पात्र असलेली मुलगी पुष्कळदा कोट्यात अडकते. हे पाहून मन विषण्ण होते.

कर्ज घ्यावेच लागले तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत आपली संस्था आहे काय, हे प्रथम पाहावे. यादीतील संस्थांसाठी तारण व जामीनदार न मागता कर्ज देण्याची तरतूद आहे, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना, दुसरी सरकारी सवलत घेत नसल्यास, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज-सवलत मिळू शकते. सातबारा बँकेत ठेवण्याची वेळ त्यानंतरची, आणि शक्य तो ती येऊच देऊ नये.

माझा निर्णय विचाराल तर तो असा: वाणिज्य किंवा अभियांत्रिकीचा पदवीधर असेल आणि सीईटीत वरच्या संस्थेपुरते गुण असतील, तर सर्वसाधारण एम.बी.ए.; आरोग्याशी संबंधित पदवी असेल तर रुग्णालय-प्रशासन किंवा सार्वजनिक आरोग्य; आणि यांपैकी काहीच जुळत नसेल, तर कोठल्याही सामान्य महाविद्यालयात पैसे न भरता सोलापूर-लातूरच्या एखाद्या रुग्णालयाच्या बिलिंगवर किंवा पुण्यातील एखाद्या कचेरीत दोन वर्षे नोकरी करावी आणि मग पुन्हा परीक्षेला बसावे. दोन वर्षांच्या अनुभवाने प्रवेशाच्या मुलाखतीतही वजन येते आणि पुढच्या पगारातही.

सीईटीचे अर्ज बहुधा हिवाळ्यात निघतात. त्याआधीच, दिवाळीच्या सुटीत, जातवैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर किंवा आर्थिक दुर्बलतेचा दाखला, अधिवास-दाखला आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला यांसाठी अर्ज देऊन ठेवा; वैधता प्रमाणपत्र मुदतीत न आल्यास राखीव जागेवरील हक्क जातो आणि खुल्या प्रवर्गातून प्रवेश घ्यावा लागतो.